फक्की, शिट्टी आणि तातू

31 वर्षं शाळेत पी.टी. शिकवली की एक खोड जडते. मैदान दिसलं की नजर आधी फक्कीवर जाते. रेघ सरळ आहे का, शंभर मीटरच्या पट्ट्याला शेवटी थांबायला जागा सोडलीय का, एवढं पाहिल्याशिवाय मला बाकी काही दिसत नाही. न्यूझीलंडला मुलीकडे गेलो तेव्हाही तेच झालं. हॅमिल्टनहून पश्चिमेला रॅगलनच्या रस्त्याला लागलो, मध्येच एका फाट्याला वळलो आणि माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीच्या मैदानावर मुलीने गाडी लावली. पलीकडे कारिओईचा डोंगर होता. 756 मीटर उंचीचा, कधीकाळचा ज्वालामुखी, आता गर्द हिरवा. आमच्या कराडच्या आगाशिवाची आठवण व्हावी असा. पण मी उतरल्या उतरल्या बायकोला म्हणालो, "रेघा वाकड्यात."

"अहो, पाहुणे आहात," ती म्हणाली.

नातवाच्या शाळेतल्या एका मित्राच्या घरच्यांनी आम्हाला बोलावलं होतं. गावाचा खेळांचा दिवस. फेब्रुवारी संपत आलेला, म्हणजे तिकडचा उन्हाळा उतरणीला लागलेला, पण ऊन असं की कराडचं मे महिन्यातलं बरं. सावलीत गारवा आणि उन्हात दहा मिनिटांत मानेची साल निघते. मुलीने मला नाकापर्यंत क्रीम फासलं.

सुरुवात प्रार्थनेने झाली. तिला कराकिया म्हणतात. मग यजमानांपैकी एका वयस्कर गृहस्थांनी आमचं स्वागत केलं. त्यांना सगळे मातुआ म्हणत होते, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ टेकवलं. याला होंगी म्हणतात, श्वास वाटून घ्यायचा. मला वाटलं होतं लाजल्यासारखं होईल. पण आयुष्यभर शेकहँड करून जे झालं नाही ते त्या दोन सेकंदांत झालं. त्या माणसाने पुदिन्याची गोळी खाल्लेली होती, हेही कळलं.

मग धावण्याच्या शर्यती. इथे माझी खरी परीक्षा होती. पोरं अनवाणी. चेस्ट नंबर नाहीत. स्टार्टर म्हणजे एक धिप्पाड बाई, शिट्टीही नाही, नुसतं खणखणीत "ताही, रुआ, तोरु!" म्हणजे एक, दोन, तीन. "रुआ"ला दोन पोरं सुटली. मी आपोआप हात वर करून ओरडलो, "फॉल्स!" कोणी ढुंकून बघितलं नाही. ती दोघं पळाली, हसत परत आली, पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा "रुआ"लाच सुटली. तिसऱ्या वेळी मीच हसलो. पोत्याची शर्यत, तीन पायांची शर्यत, रस्सीखेच हे सगळं आपल्यासारखंच. लिंबू-चमच्यात मात्र लिंबाऐवजी उकडलेलं अंडं होतं आणि हरलेल्यांनी ते जागच्या जागी सोलून खाल्लं.

जिंकून आलेल्या एका चिमुरडीच्या डोक्यावर थाप मारायला माझा हात उचलला गेला. इतक्या वर्षांची सवय. मुलीने वरच्या वर मनगट धरलं. माओरींमध्ये डोकं पवित्र, तापू. दुसऱ्याच्या डोक्याला असा हात लावत नाहीत. मग तोच हात मी पुढे केला आणि पोरीने त्यावर अशी टाळी हाणली की हात झिणझिणला.

दुपारी की-ओ-राही होता. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मैदानावर एकात एक गोल आखले होते, आणि हे गोल मात्र चोख होते, दोरी धरून काढलेले. अगदी मधोमध तुपू, म्हणजे एक उपडं पिंप. बाहेरच्या गोलावर सात खांब, त्यांना पोउ म्हणतात. दोन संघ. कीओमा संघाने चेंडू घेऊन खांबांना हात लावायचा आणि मग मधल्या गोलात घुसून गुण पदरात पाडायचे. तानीफा संघाने त्यांना रोखायचं आणि चेंडू पिंपावर मारून गुण घ्यायचे. तानीफा म्हणजे डोहात राहणारं अद्भुत जलचर, कधी राखणदार, कधी भक्षक. चेंडूला 'की' म्हणतात. पूर्वी तो हाराकेकेच्या पातींचा विणत. हाराकेके दिसायला आपल्या घायपातासारखी, पण पात मऊ आणि चिवट. अडवायचं म्हणजे कमरेला लावलेली पट्टी ओढायची. डाव संपला की संघ बाजू बदलतात. लगोरीचा नेम, आट्यापाट्यांची चकवाचकवी आणि रग्बीचा दम एकत्र केला तर जे होईल ते. मुलं, मुली, काकू, मामा सगळे एकाच संघात.

पण माझं लक्ष अडकलं ते खेळ सुरू होण्याआधी. दोन्ही संघ मैदानाच्या मधोमध गोळा झाले आणि बोलत बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला वाटलं भांडण लागलं. मातुआ म्हणाले, "हा तातू." खेळाचे नियम ठरवणं. किती वेळ खेळायचं, दहा वर्षांखालच्या पोरांना पट्टी ओढल्यावर किती पावलं माफ, पिंपावर नेम कुठून धरायचा, सगळं दोन्ही संघांनी मिळून आजच्या आज ठरवायचं. उद्याच्या सामन्याला नवा तातू. एक साठीच्या बाई खेळणार होत्या. त्यांच्या बाबतीत काय करायचं यावर बराच खल झाला. शेवटी त्यांनीच सांगून टाकलं की मला काही सवलत नको, पण मी कोणाला आपटलं तर रडायचं नाही. मंजूर.

मी नियमांचा माणूस. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम ठरवायला समिती नेमली, हे मी दरवर्षी जून महिन्यात पोरांना सांगायचो, आणि नियम लिहिले गेले म्हणून खेळ टिकला, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं. गावोगावचा खो-खो वेगवेगळा राहिला असता तर राज्य स्पर्धा कशाच्या भरवल्या असत्या? पण त्या दहा मिनिटांत मला लहानपणची विटीदांडूची भांडणं आठवली. "आमच्या गल्लीत असं नसतं." "मग खेळू नकोस." "बरं, चल, एक डाव तुमचा, एक डाव आमचा." तो तातूच की! आम्ही त्याला कचकच म्हणत होतो आणि शाळेत गेल्यावर कोणीतरी शिट्टी वाजवून ती बंद केली. पुढे मीच वाजवू लागलो.

सामन्यात साठीच्या बाईंनी एका पंचविशीतल्या पोराला आपटलं. तो रडला नाही.

मग माझ्यावर आली. घराण्याघराण्यांची रिले होती. घराण्याला तिकडे फानाउ म्हणतात. त्यांच्या लिपीतला 'डब्ल्यू-एच' बहुतेक ठिकाणी फ होतो, हे कळेपर्यंत मी निम्मे शब्द चुकीचे म्हणत होतो. प्रत्येक संघात दहाखालचं एक आणि साठीवरचं एक माणूस हवं. यजमानांकडे साठीवरचं कोणी पळू शकणारं नव्हतं. मातुआंचा गुडघा गेलेला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. पन्नास मीटर. नातवाकडून बॅटन घ्यायचं होतं. मी पोरांना हजार वेळा सांगितलंय की बॅटन घेताना मागे बघायचं नाही, हात मागे आणि नजर पुढे. मी मागे बघितलं. नातू कसा येतोय ते बघायचं होतं हो. पस्तीस मीटरला मांडीच्या मागची शीर आवळली, उरलेलं अंतर लंगडत कापलं आणि आमच्या फानाउचा पाचांत चौथा नंबर आला. पाचव्या संघाच्या आजोबांनी मध्येच थांबून कोणाशी तरी गप्पा मारल्या होत्या.

मला खुर्चीत बसवून पायाला बर्फ बांधला. तिथून हिचा पत्ता लागला. झाडाखाली एका म्हाताऱ्या बाईंसमोर (आजीला तिकडे कुइआ म्हणतात) मांडी घालून बसली होती आणि दोघी गोटे उडवत होत्या! कोरुरु. पाच गुळगुळीत दगड, एक वर फेकायचा, तो खाली येईपर्यंत बाकीचे उचलायचे. हिचं माहेर अलिबागचं, आणि सागरगोट्यांत ती कोणाला हार जात नाही. येताना नातवासाठी सागरगोटे आणणार होती, पण मुलीने फोनवर बजावलं होतं की बियाणं न सांगता आणलं तर विमानतळावर चारशे डॉलर दंड. म्हणून डबा घरी राहिला. आता नदीतले दगड हातात आले आणि बाई मोकळ्या सुटल्या. दोघींत एकही सामाईक शब्द नाही. तरी हिने हातावर झेलून दाखवलं, त्यांनी बोटांची कमान करून त्यातून दगड सरकवले. आपल्याकडेही तसं करतात म्हणे. मला नव्हतं ठाऊक.

शेजारी पोरं भोवरे फिरवत होती. पोताका. काठीला बांधलेल्या पातीच्या चाबकाने फटके मारून फिरत ठेवायचा. मातुआ म्हणाले, पूर्वी गुणगुणणारे भोवरेही असत आणि लढाईत गेलेल्यांच्या शोकगीताबरोबर ते फिरवत. आपला भोवरा नुसता गुच्चे मारण्यापुरता. मी मान हलवली, दुसरं काही सुचलं नाही.

संध्याकाळी हांगी उघडली. जमिनीत खड्डा, तापवलेले दगड, वर टोपल्या, ओली फडकी, माती. तीन-चार तास. कोंबडी, मेंढीचं मांस, भोपळा आणि कुमारा, म्हणजे रताळं. धुराचा वास लागलेलं रताळं हातात घेऊन ही म्हणाली, "पोपटीची आठवण झाली हो." हिच्या माहेरची ती मडक्यात भाजलेली पोपटी मला कधी फारशी आवडली नाही, पण तेव्हा बोललो नाही.

निघताना कुइआंनी हिच्या मुठीत पाच दगड ठेवले. रात्री हॅमिल्टनला हॉलमधल्या गालिचावर ही आणि नातू बसले. मी सोफ्यावर, पाय उशीवर. हिने पहिला दगड उडवला, तर नातवाने तो हवेतच पकडला.

"आजी, आधी तातू."

"बरं," ही म्हणाली. "पहिला नियम, आजी चुकली तर परत."

"नाही."

पंधरा मिनिटं झाली तरी खेळ सुरू झाला नव्हता.