परसातला गादीवाफा : भराई झाली, मेथी वर आली

सांगलीची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण परसातल्या कोथिंबिरीला जड. पावसाळ्यात फुगून चिकट होते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. म्हणून यंदा वाफा जमिनीच्या वर उचलला: आठ फूट लांब, तीन रुंद, सव्वा फूट उंच. रुंदी मुद्दाम तीनच. दोन्हीकडून हात मधोमध पोचतो, आत पाय टाकावा लागत नाही. पाय पडला की भुसभुशीत माती पुन्हा दबलीच.

कडेला विटा. गवंडी मामांचा आग्रह, "तळाला कोबा मारून देतो, कायमचं काम हुईल." नको म्हटलं. कोबा केला की वाफ्याची टाकी होते. तळ उघडा ठेवून टिकावानं खणून घेतला आणि खालच्या थरात विटांमध्ये फटी सोडल्या, पाणी निघायला.

खरा खर्च भराईचा. तीस घनफूट म्हणजे ब्रासचा (शंभर घनफुटांचा) तिसरा हिस्साही नाही, पण माती बसते म्हणून जास्तीच मागवावी. दोन पाट्या माती, एक पाटी पोयटा (नदीकाठचा गाळ), एक पाटी शेणखत असा हिशेब धरला. शेणखत आधी गोणपाटावर पसरून निवडलं. मुळं कुरतडणाऱ्या हुमणीच्या अळ्या निघाल्याच: पांढऱ्या, जाडजूड, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, डोकं तांबूस. ऊसवाल्यांना ओळख करून द्यायला नको. कोंबड्यांची चंगळ झाली. नंतर निंबोळी पेंड मिसळली.

पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, इकडं फुकटात मिळतं, पण ते मातीत कालवू नका. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. मी ते वरून पसरणार आहे, रोपं बोटभर झाल्यावर. वाळवीवर मात्र लक्ष ठेवावं लागेल.

सध्याची हालत: दोनदा भरपूर पाणी दिल्यावर माती तीन बोटं खाली बसली, वरून भर घातली. मेथी दाट उगवलीय. धने रगडून, दोन फाका करून पेरलेत. ते निवांत गडी, अजून डोकं वर काढलेलं नाही. मधली ओळ वांग्यांसाठी मोकळी ठेवलीय, दोन रोपांत दोन फूट. कृष्णाकाठच्या वांग्याचं घरचं बी कुणी धरलं असेल तर कळवा. इथल्या रोपवाटिकेत मला संकरितच दाखवतायत.