परवाना, दाखला, शिक्का

नाशिकरोडच्या एका लहानशा सभागृहात त्या गुरुवारी सबटायटल्सची चाचणी होती. शनिवारी ‘कासाब्लांका’, रविवारी ‘ट्रान्झिट’ हे सिनेमे दाखवायचे होते, दोन्ही मी केलेल्या मराठी सबटायटल्ससह. विषय एकच: १९४०मध्ये जर्मनीपुढे फ्रान्स पडल्यावर परक्या शहरात अडकलेली, पुढे जायची वाट बघणारी माणसं. चाचणीला मी मुद्दाम अशीच माणसं बोलावते ज्यांना सिनेमा बघताना खालची ओळ वाचायची सवय नाही. ती कुठे अडखळतात ते अंधारातही कळतं. मान खाली जाते आणि वर यायला उशीर होतो.

सकाळ तांत्रिक गोष्टींत गेली. ‘कासाब्लांका’ची फाईल सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) प्रतीवर बेतलेली, आणि हाती आलेली प्रत २५ची. फरक छोटा वाटतो, पण मिनिटाला जवळजवळ अडीच सेकंद सरकतात. दहाव्या मिनिटाला ओळ चोवीस सेकंद मागे, म्हणजे प्रश्न एकाचा आणि उत्तर भलत्याच्याच तोंडी. अशा वेळी ओळी पुढेमागे ढकलून उपयोग नसतो. सुरुवात जुळते आणि शेवट सुटतो. सगळ्या वेळांना २४/२५ने गुणायचं, मग पहिली आणि शेवटची ओळ कानाने तपासायची.

दुसरी अडचण खास आपल्या लिपीची. एका ओळीत ४२ अक्षरं आणि पडद्यावर दोन ओळी, या मापात आम्ही बसवतो. पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतो. ‘निर्वासित’ डोळ्यांना चार अक्षरांचा, संगणकाला नऊचा. त्यामुळे आकड्यावर न जाता ओळ मोठ्याने वाचून बघते. ‘ट्रान्झिट’मध्ये निवेदकाचा आवाज आहे आणि तो बोलतो त्याहून पडद्यावर कधी कधी वेगळंच घडतं. इंग्रजीत असा आवाज तिरप्या अक्षरांत देतात. देवनागरी तिरपी केली की कित्येक प्लेअरवर जोडाक्षरं फुटतात. मी निवेदनाला फिकट पिवळा रंग दिला.

खरा दिवस दुपारी ‘ट्रान्झिट’पासून सुरू झाला.

जर्मन लेखिका ॲना सेघर्सची मूळ कादंबरी १९४४मध्ये आधी इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांतरांतून आली. ती स्वतः ज्यू आणि कम्युनिस्ट, १९३३मध्ये जर्मनीतून निघालेली. नवरा फ्रान्समधल्या छावणीत कैद. मार्च १९४१मध्ये ती मार्सेय या फ्रेंच बंदरातून जहाजाने सुटली आणि अखेर मेक्सिकोला पोचली. दिग्दर्शक क्रिस्टियान पेट्झोल्डने ही गोष्ट सिनेमात आजच्या मार्सेयमध्ये आणली: रस्त्यावर आजच्या गाड्या, पोलीस आजचे, कागद मात्र जुने. म्हणून संवादांची मराठी जुनी करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं.

अर्धा तास झाला असेल. दुसऱ्या रांगेतले एक काका हात वर करून म्हणाले, “थांबवा जरा.” नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये होतो’ म्हटलं की पुढे विचारावं लागत नाही. काका सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. देशाचे पासपोर्ट आणि व्हिसाचे स्टिकर तिथेच छापले जातात.

“ताई, याच्याकडे परवाना आहे असं मघाशी लिहिलंत. आता परवाना नाही म्हणून पोलीस धरताहेत. मग आधीचा गेला कुठे?”

मी फाईल शोधून बघितली. वेगवेगळ्या चार कागदांना मी ‘परवाना’ हा एकच शब्द वापरला होता. ओळ आटोपशीर बसते म्हणून. त्या एका शब्दाने गोष्टीचा कणाच काढून घेतला होता, कारण मार्सेयमधली सगळी जीवघेणी भानगड कागदांच्या क्रमाची आहे.

क्रम असा. आधी शेवटच्या देशाचा व्हिसा हवा, मेक्सिकोचा किंवा अमेरिकेचा. तो दाखवला तर वाटेतल्या देशांचा, म्हणजे स्पेन-पोर्तुगालचा ट्रान्झिट. त्यासाठी जहाजाचं तिकीटही लागे. मग फ्रान्स सोडायची फ्रेंच सरकारची परवानगी. प्रत्येकाची कचेरी निराळी, रांग निराळी, मुदत निराळी. शेवटचा कागद हाती येईपर्यंत पहिल्याची मुदत सरायची आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून. शिवाय तोवर मार्सेयमध्ये राहायलाही कागद लागे. तो मिळवायचा तर आपण इथून निघणार आहोत हे सिद्ध करायचं. गोष्टीतला एक संगीतकार हे कागद जमवता जमवताच मरतो.

आणि थांबणं म्हणजे नुसती गैरसोय नव्हती. फ्रान्स आणि जर्मनीच्या २२ जून १९४०च्या युद्धबंदी करारातल्या १९व्या कलमाने जर्मनी मागेल त्या जर्मन माणसाला हवाली करायचं फ्रान्सने कबूल केलं होतं. जर्मन ज्यू विचारवंत वॉल्टर बेन्यामिनकडे अमेरिकेचा व्हिसा होता, स्पेनचा ट्रान्झिट होता. फ्रान्स सोडायची परवानगी तेवढी नव्हती. सप्टेंबर १९४०मध्ये डोंगर ओलांडून तो स्पेनच्या हद्दीतल्या पोर्टबूला पोचला, तिथे अडवला गेला आणि त्याच रात्री त्याने जीव दिला. सोबतच्यांना दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं. हे माहीत असून मी सगळ्याला ‘परवाना’ लिहिलं होतं, याची फार बोचणी लागली.

“परवाना दुकानाचा, बंदुकीचा, गाडीचा,” काका म्हणाले. “व्हिसाला व्हिसाच म्हणा की, सगळ्यांना कळतं. राहण्याचा असेल तो दाखला. आणि देश सोडताना मारतात तो शिक्का.”

व्हिसा, ट्रान्झिट, शिक्का, दाखला. चारही शब्द लहान, रोजच्या वापरातले. ‘दाखला’ तर फारच नेमका, कारण दाखल्याची मुदत संपते म्हणजे काय होतं हे शाळेपासून पेन्शनीपर्यंत आपण सगळे जाणतो. फ्रेंचमधला तो कागद म्हणजे शब्दशः शिक्का नव्हे, हे मला मान्य आहे. पण पडद्यावर दीड सेकंद टिकणाऱ्या ओळीत ‘देश सोडण्याची परवानगी’ वाचून होत नाही.

मग गाडी ‘निर्वासित’वर आली. काकांनी खिशातल्या डायरीतून पारदर्शक कागदात जपलेलं एक तिकीट काढलं. पाच पैशांचं, लालसर, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. १९७१मध्ये बांगलादेशातून आलेल्या लोकांसाठी पत्रांवर जास्तीचं लावायला लागायचं ते. छपाई इथलीच. त्यावर हिंदीत ‘शरणार्थी सहायता’. “आम्ही हे छापलं, तुम्ही निर्वासित लिहिता. बरोबर कुठलं?”

मराठीत फाळणीनंतर देवळालीला आलेल्या सिंधी लोकांना आपण निर्वासितच म्हणत आलो. निर्वासित म्हणजे हुसकलेला; त्याच्या मागे काय घडलं ते त्या शब्दात आहे. शरणार्थीत पुढचं दार आहे, आसरा मागणं आहे. कथानायक स्वतःबद्दल बोलतो तिथे मी ‘निर्वासित’ ठेवला. वकिलातीच्या खिडकीपलीकडचा माणूस बोलतो तिथे दोन्ही काढून ‘अर्जदार’ केला, कारण त्या खिडकीतून त्याला तेवढंच दिसतं.

‘कासाब्लांका’त कागदांचा हा गुंता फारसा येत नाही. तिथे सगळं एका जादूच्या कागदाभोवती फिरतं; तो असला की कुणी अडवत नाही, आणि तो कल्पनेतून रचलेला आहे. खरं निर्वासितपण त्या सिनेमात नटांच्या चेहऱ्यांवर आहे. मार्सेल दालियो आणि मादलेन लबो हे जोडपं १९४०मध्ये पॅरिसहून पळून लिस्बनमार्गे निघालेलं. ‘ला मार्सेयेझ’ हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गाताना लबोच्या डोळ्यांत पाणी येतं तेव्हा खाली ओळ असली की नजर तिकडे जाते. म्हणून त्या गाण्याची सबटायटल्स मी काढून टाकली. अर्थ न कळता काही बिघडत नाही.

संध्याकाळी सुधारलेली फाईल लावून ‘ट्रान्झिट’ पुन्हा पहिल्यापासून बघितला. काका पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बोटं टेकवून कागद मोजत होते. दाखला आला की एक बोट, व्हिसा आला की दुसरं. शेवटाकडे ते वळून हळूच म्हणाले, “चार झाले. जहाजाचं तिकीट कुठेय?”

एका ओळीत मी नुसतंच ‘बोट मिळाली’ लिहिलं होतं. तिथे ‘तिकीट’ घातलं आणि फाईल बंद केली.