बदामी-ऐहोळे-पट्टदकलची दोन दिवसांची टूर: ‘वर काही नाही’ म्हणाले तरी मेगुतीवर चढाच

उत्तर कर्नाटकातलं बदामी स्टेशन ते पुन्हा बदामी स्टेशन, दोन दिवस, राहणं, जेवण, गाडी, गाइड, तिकिटं सगळं एकाच रकमेत. शिवाय ‘मराठी बोलणारा, इतिहासाचा जाणकार मार्गदर्शक’. अशी जाहिरात वाचून तुम्ही पैसे भरायच्या बेतात असाल, तर आधी हे वाचा. मी नुकतीच ही टूर करून आले आहे आणि माझा राग अजून उतरलेला नाही. देवळांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ती जन्मात एकदा तरी पाहावीत अशीच आहेत. तक्रार आहे ती आम्हाला ज्या पद्धतीने दाखवली गेली तिच्याबद्दल.

सगळ्यात मोठी तक्रार ऐहोळ्याची. दुर्ग मंदिराचं आवार पाहून झालं, गाडी मेगुतीच्या टेकडीखालून निघाली, आणि मी थांबवायला सांगितलं तर गाइड म्हणाला, ‘ऊपर कुछ नहीं है मॅडम. टूटा हुआ मंदिर है, बस.’ जाहिरातीतला मराठी बोलणारा मार्गदर्शक तो हाच. दोन्ही दिवस त्याने हिंदीच बोलली.

वर काय आहे ते सांगते. वर एक जैन मंदिर आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या बाहेरच्या भिंतीवर रवीकीर्तीचा शिलालेख आहे. शके 556, म्हणजे इ.स. 634. रवीकीर्ती हा बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या पदरचा कवी, हे देऊळ त्यानेच बांधवलं, आणि भिंतीवर आपल्या राजाची प्रशस्ती कोरून ठेवली. भाषा संस्कृत, लिपी जुनी कन्नड. याच लेखात तो आपली तुलना कालिदास आणि भारवीशी करतो, त्यामुळे हे दोघे कवी 634च्या आधीचे, हे पक्कं ठरतं. नर्मदेवर पुलकेशीने हर्षवर्धनाला अडवलं, त्याची ओळ याच भिंतीवर आहे: ‘भयविगलितहर्षो येन चाकारि हर्षः’. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही ओळ:

‘अगमदधिपतित्वं यो महाराष्ट्रकाणां नवनवतिसहस्रग्रामभाजां त्रयाणाम्’

तीन महाराष्ट्रकं, त्यांची मिळून 99,000 गावं, आणि त्यांचा अधिपती पुलकेशी. आपल्या प्रदेशाचं नाव इतक्या जुन्या काळात, इतक्या ठसठशीत अक्षरांत दगडावर कोरलेलं आहे. गाडीभर मराठी माणसं घेऊन आलेला मार्गदर्शक त्या दगडापासून पंधरा मिनिटांवर उभा राहून ‘वर काही नाही’ म्हणतो, तेव्हा त्याला ठाऊक नाही असं मी मानायला तयार नाही. त्याला ऊन नको होतं आणि पुढचं दुकान गाठायचं होतं.

मी भांडून पाऊण तास मिळवला. गटातले चौघे आले, बाकीचे गाडीत बसले. दुपारचे दोन वाजून गेले होते. पायऱ्या दगडी आणि रुंद आहेत, चढ छातीवर येणारा नाही. पण सावली जवळजवळ नाहीच, आणि हा तांबडा वालुकाश्म दुपारी असा तापतो की बुटातून झळ लागते. फेब्रुवारीतली ही गत. मार्च ते मे या दिवसांत ज्यांना दुपारी मेगुती चढायची असेल त्यांनी चढूच नये, सकाळी यावं. अर्ध्याहून वर गेल्यावर एक दुमजली बौद्ध मंदिर लागतं, अर्धं खडकात कोरलेलं, अर्धं बांधलेलं. तिथे दोन मिनिटं टेका, सावली मिळते. वरच्या ओसरीच्या छतात कोरलेला बसलेला बुद्ध मान वर केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून बरेच जण तो न बघताच पुढे जातात.

माथ्यावर तटबंदीचे अवशेष, मध्ये देऊळ, आणि मागच्या बाजूला त्याहून कितीतरी जुनी, महापाषाणयुगीन दगडी थडगी. देवळाला वळसा घालून पूर्वेच्या भिंतीकडे गेलात की लेख समोर येतो. एकोणीस ओळी. अक्षरं बोटाच्या पेराहून लहान, गोलसर, इतकी नेटकी की कोरणाऱ्याचा हात कुठे घसरलाय का ते शोधावं लागतं. मला लिपी वाचता येत नाही. फोनवर मजकूर उतरवून नेला होता, तो ओळीला ओळ लावून वाचत गेले, आणि ‘महाराष्ट्र’ कुठल्या ओळीत असेल त्याचा अंदाज घेत तिथे बराच वेळ उभी राहिले. बरोबरच्या काकूंनी लेखाला हात न लावता नमस्कार केला. तेवढ्या पाऊण तासासाठी मी ही संपूर्ण टूर पुन्हा करीन.

तुम्ही जाल तेव्हा साडेदहा-अकराच्या सुमारास तिथे पोचा. पूर्वेची भिंत असल्यामुळे सूर्य डोक्याकडे सरकताना ऊन भिंतीला घासून खाली येतं आणि अक्षरं उठून दिसतात. दुपारनंतर भिंत सावलीत जाते, सगळं सपाट दिसतं, फोटो तर येतच नाही. मजकूर आधीच उतरवून न्या. माणशी एक लिटर पाणी खालूनच घ्या. वर काही मिळत नाही.

आता पैशांचं. ‘सगळं धरून’ म्हणजे काय, तर बदामीच्या लेण्यांपाशी स्थानिक गाइड वेगळा, 500 रुपये. पट्टदकलला आणखी एक, पुन्हा 500. ऐहोळ्याला तिसरा. बरोबर आलेला माणूस हा ‘टूर मॅनेजर’ आहे, असं आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. तिकिटांचे पैसे मुलांसकट घेतले होते. पुरातत्त्व खात्याच्या या स्मारकांना पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. तिकीट खिडकीवरच्या फलकावर ते छापलेलं आहे, मी त्याचा फोटो काढून दाखवला, तेव्हा ‘हिशेब ऑफिसमध्ये होईल’ असं उत्तर मिळालं. तो हिशेब आजतागायत झालेला नाही. घरात लहान मुलं असतील तर पैसे भरण्याआधी एवढी एक ओळ लेखी मागून घ्या. मागितल्यावर समोरचा कसा बोलतो त्यावरून तुम्हाला बाकीचंही कळेल.

दुसरी फसवणूक म्युझियमची. बदामीत अगस्त्य तलावाच्या उत्तरेला, किल्ल्याच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. नागनाथकोळ्ळची लज्जागौरी देवीची मूर्ती तिथे ठेवलेली आहे. ते शुक्रवारी बंद असतं. आमची टूर शुक्रवारी सुरू झाली आणि कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या दिवशी म्युझियम छापलेलं होतं. वर्षभर या टूर काढणाऱ्याला हे माहीत नसेल, हे शक्य नाही. शनिवार-रविवार धरून या, किंवा शुक्रवारी ऐहोळे करा आणि बदामी दुसऱ्या दिवशी ठेवा.

आणि मग गुळेदगुड्ड. आपल्याकडच्या खणाच्या चोळ्यांचा खण विणला जातो ते गाव. हातमागावर खण कसा उतरतो हे कोणी दाखवलं असतं तर मी आनंदाने तासभर बसले असते. आम्हाला वाट वाकडी करून एका दुकानात नेलं आणि दीड तास बसवलं. मागाचा आवाजसुद्धा कानावर पडला नाही. इरकल साड्यांचे भाव ऐकून सोलापूरच्या दोघी चक्क उठून बाहेर आल्या. मेगुतीला पाऊण तास देताना ज्यांचा जीव जात होता त्यांच्याकडे दुकानासाठी दीड तास होता. असा थांबा कार्यक्रमात दिसला तर तो काढून टाका म्हणावं, आणि खण हवा असेल तर स्वतःहून गावात जाऊन विणकरांकडून घ्या.

पट्टदकलला माझं डोकं पुन्हा फिरलं. विरूपाक्ष मंदिरासमोर तिथल्या स्थानिक गाइडने सांगितलं की हे वेरूळच्या कैलासाची नक्कल आहे. उलटं आहे हो! विरूपाक्ष मंदिर लोकमहादेवी राणीने आपला नवरा, चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याच्या कांचीवरच्या विजयानिमित्त साधारण 740च्या सुमारास बांधवलं. कैलास राष्ट्रकूट पहिल्या कृष्णाच्या काळातला, म्हणजे 756 नंतरचा. वेरूळ पाहिलेल्या माणसाने विरूपाक्षासमोर उभं राहावं, नंदीमंडप आणि मागचं शिखर एका नजरेत घ्यावं, साम्य आपोआप दिसतं. कुठून कुठे गेलं एवढंच सरळ सांगायला हवं होतं. इथल्या लेखांत स्थपतींची नावंही आहेत: गुंड अनिवारिताचारी, सर्वसिद्धी आचारी. आपल्याकडच्या किती लेण्यांच्या शिल्पकारांची नावं आपल्याला माहीत आहेत? त्यांचा उल्लेखही झाला नाही.

पट्टदकलला दोन तास तरी हवेतच. बरेच जण मुख्य हिरवळीवरची देवळं बघून परततात. पापनाथ मंदिर थोडं बाजूला, नदीच्या अंगाला आहे, ते सोडू नका. बदामीच्या रस्त्यावरचं राष्ट्रकूटकालीन जैन मंदिरही गाडी थांबवून बघा, तिथे गर्दी अजिबात नसते. विरूपाक्षात आजही पूजा चालते, आत चपला काढाव्या लागतात. उन्हाच्या वेळी मोजे घालूनच जा, फरशी पोळते.

बदामीची चार लेणी ठीक दाखवली. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज आणि तिसऱ्या लेण्यातला शेषावर बसलेला विष्णू यांच्यापुढे कोणाच्या बडबडीची गरजही नाही. तिसऱ्या लेण्यातला चालुक्य मंगलेशाचा लेख शके 500चा, म्हणजे इ.स. 578, तेवढा मात्र विचारून बघा. माकडं त्रास देतात, हातात पिशवी ठेवायची नाही, पाठीवरची सॅक घट्ट बंद. उत्तरेच्या किल्ल्याची अरुंद खिंड आणि वरची दोन शिवालयं टूरमध्ये नसतात. गुडघे बरे असतील तर पहाटे उठून स्वतः करून या. भूतनाथ मंदिर अगस्त्य तलावाच्या पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून तिथे संध्याकाळीच जावं.

महाकूटचा देवळांचा समूह छान आहे, तासभर पुरतो. बदामीजवळची बनशंकरी ही आमच्या गटातल्या निम्म्या लोकांची कुलदेवता, त्यांच्या ओट्या भरून झाल्या. देवळाबाहेर बायका टोपल्यांतून कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मातीच्या गाडग्यातलं दही घेऊन बसतात. टूरमधलं हॉटेलातलं जेवण सोडा आणि तिथेच जेवा. पौषातल्या शाकंभरी नवरात्रात आणि पौर्णिमेच्या रथानंतर जत्रा चालू असताना देवीसाठी यायचं असेल तर जरूर या, पण त्या दिवसांत लेणी-देवळं निवांत बघायची आशा ठेवू नका, आणि बदामीत खोली आधी ठरवल्याशिवाय निघू नका.

माझा सल्ला स्पष्ट आहे: ही टूर घेऊ नका. सोलापूर-विजयपूरमार्गे येणाऱ्या गाडीने बदामीला उतरा. स्टेशन गावापासून पाचेक किलोमीटरवर आहे, रिक्षा मिळतात, भाडं बसण्याआधी ठरवा. एक दिवस बदामी पायी. दुसऱ्या दिवशीसाठी गावातूनच गाडी घ्या: सकाळी लवकर निघून सरळ ऐहोळे, साधारण 35 किलोमीटर, ऊन चढण्याआधी दुर्ग मंदिराचं आवार आणि रावणफडी लेणं, मग अकराच्या आत मेगुतीच्या माथ्यावर. उतरून पट्टदकल, आणि परतीच्या वाटेवर महाकूट. सगळ्या टूरवाल्यांचा क्रम याच्या बरोबर उलटा असतो, त्यामुळे मेगुतीची वेळ भर दुपारी येते आणि ती गाळायला कारण मिळतं.

बरोबर म्हातारी माणसं असतील, भाषेची अडचण वाटत असेल आणि टूरच घ्यायची असेल, तर फोनवर तीन गोष्टी विचारा. ऐहोळ्याला मेगुती धरून किती तास? गाइड शेवटपर्यंत एकच की दर ठिकाणी नवा? वाटेत दुकान आहे का? पहिल्याचं उत्तर तीन तासांपेक्षा कमी आलं तर फोन ठेवा.