विधेयक समितीत असताना काय लिहून पाठवायचं

कोल्हापूरच्या दसरा चौकातून मोर्चा निघतो, जिल्हाधिकारी कार्यालयात निवेदन दिलं जातं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. केंद्राच्या विधेयकाबाबत जिल्हाधिकारी ते निवेदन फार तर वर पाठवतात. मोर्चाचा दबाव हवाच. पण एखादं कलम बदलून घ्यायचं असेल, तर कागद ते विधेयक तपासणाऱ्या खासदारांच्या संसदीय समितीकडे आणि तिच्या मुदतीत पोहोचला पाहिजे. ही मुदत बहुतेकदा समितीने सूचना मागवणारी जाहिरात दिल्यापासून १५ दिवसांची असते.

खरं तर त्याआधीही एक संधी असते. २०१४ पासूनच्या केंद्राच्या धोरणानुसार मंत्रालयाने कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. पण हे धोरण आहे, कायद्याचं बंधन नाही, त्यामुळे कितीतरी विधेयकं थेट सभागृहातच दिसतात.

आणि मांडलेलं विधेयक समितीकडे जाईलच असंही नाही. १५व्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १७व्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं. ही घसरण फार गंभीर आहे, कारण सामान्य माणसाचं म्हणणं संसदेच्या नोंदीत यायची मुख्य जागा हीच. म्हणून विधेयक मांडलं की लगेच खासदारांकडे पहिली मागणी करायची ती ते समितीकडे पाठवण्याची.

समितीची जाहिरात आली की निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत करा. नुसतं 'हे विधेयक रद्द करा' असं लिहिलेल्या निवेदनातून समितीला घेण्यासारखं काही मिळत नाही. कलमाचा क्रमांक, आत्ताचे शब्द, त्याऐवजी हवे असलेले शब्द आणि कारण, एवढं द्या. समजा, एखाद्या विधेयकात जमिनीच्या नोटिशीला उत्तर द्यायला सात दिवस दिलेत. मग लिहायचं: 'कलम १२(२) मध्ये "सात दिवस" याऐवजी "तीस दिवस" असे करावे.' खाली कारण: गगनबावड्यातल्या वाडीवर पावसाळ्यात टपाल उशिरा येतं, मग सातबारा, फेरफार काढायचे, कोल्हापूरला येऊन वकील गाठायचा. अशा जुन्या नोटिशीच्या पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची झेरॉक्स जोडा. असा पुरावा दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञाकडे नसतो, तो आपल्याकडेच असतो. एकाच मजकुराच्या हजार प्रती पाठवल्या तरी मुद्दा एकच राहतो. त्यापेक्षा पाच गावांतून पाच वेगळे अनुभव जाऊ देत.

समितीपुढे बोलायचं असेल तर तसं निवेदनातच स्पष्ट लिहा. समितीला दिलेलं निवेदन गोपनीय मानलं जातं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. वन संवर्धन दुरुस्ती विधेयक २०२३ मध्ये संयुक्त समितीतून (दोन्ही सभागृहांच्या खासदारांची समिती) काहीही बदल न होता बाहेर आलं. उलट २०१९ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयकात संयुक्त समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतलं. अहवालाला जोडलेली सदस्यांची भिन्नमतं जरूर वाचा. पुढे सभागृहात खासदारांना त्यांचाच आधार मिळतो.

चर्चेच्या वेळी खासदार दुरुस्ती मांडू शकतात, पण लोकसभेत तिची सूचना किमान एक दिवस आधी द्यावी लागते. ऐनवेळी फोन करून ते जमत नाही, दुरुस्तीचा मजकूर तयार करून आधीच हातात द्या. लोकसभेत राहून गेलं तर राज्यसभेतल्या खासदारांकडे जा. धन विधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा बाबींचं) असेल तर मात्र राज्यसभा १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते.

कायदा मंजूर झाल्यावर बहुतेकजण लक्ष काढून घेतात, आणि फी किती, मुदत किती, अर्ज कुठे हे सगळं नेमकं त्यानंतरच्या नियमांत आणि अधिसूचनांत ठरतं. पश्चिम घाटाच्या पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राची ३१ जुलै २०२४ ची मसुदा अधिसूचना हे जवळचं उदाहरण. राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगडच्या गावांचा थेट संबंध, आणि हरकतींना ६० दिवस दिले होते. अशा वेळी ग्रामसभेचा ठराव, गावाचं नाव यादीत कुठे आहे आणि कोणत्या गट नंबरांबद्दल काय म्हणणं आहे, हे एकत्र करून स्पीड पोस्टाने आणि ईमेलने दोन्हीकडून पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा.