तिथीची पाऊणपट आणि एक ससाणा

जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेचा दिवस ठरवताना आधी पंचांग उघडावं लागतं, रविवार नंतर बघायचा. ठाण्याच्या खाडीतला कुठलाही कोळी सांगेल की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर सहा, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. छापील कोष्टकाशी पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो, आणि ते कोष्टक दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदराचं असल्यामुळे खाडीच्या वरच्या अंगाला पाणी त्याहून थोडं उशिरा चढतं. दिवस ठरवायला मात्र एवढा हिशेब पुरतो.

आदल्या वर्षी आम्ही सोय बघून रविवार घेतला आणि तो नेमका अष्टमीचा निघाला. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती, तीही पहाटे सहाला. पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत पोहोचलंच नाही, चिखलाचा वरचा पट्टा दिवसभर उघडाच राहिला आणि पक्षी खाडीभर विखरून चरत राहिले. दीड किलोमीटरवरच्या चिखलातले करडे ठिपके मोजणार कसे? पाणटिवळ्यांचा, म्हणजे काळ्या शेपटीच्या गॉडविटचा, आकडा नऊशेच्या आत आला. पक्षी कमी झाले अशी हळहळ लगेच सुरू झाली. माझ्या मते त्या आकड्यात पक्ष्यांइतकाच भांगाचाही हात होता.

या वर्षी पौष शुद्ध त्रयोदशी धरली. हिवाळ्यात मुंबईला मोठं उधाण मध्यरात्री येतं आणि दिवसाची भरती त्यामानाने बेताची असते, तरी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी चिखल झाकण्याइतकं पाणी चढतं. चिखल झाकला गेला की चिखलपक्ष्यांना पाय टेकायला जागा लागते आणि ते भांडुपच्या बाजूच्या मिठागरांत येऊन दाटीने उभे राहतात. गणना तेव्हा करायची, भरतीच्या आधीचा तास आणि नंतरचा अर्धा तास.

आमच्या तीन तुकड्या होत्या. एक ऐरोलीहून होडीने, एक मिठागरातल्या दक्षिणेच्या तळ्याच्या बांधावर आणि एक तिथून किलोमीटरभर उत्तरेला. परवानगीची कागदपत्रं आठवडाभर आधीच झाली होती. बांधावर नेहमी पूर्वेच्या कडेला उभं राहायचं म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर येतं. पश्चिमेच्या कडेवरून बघाल तर सगळे पक्षी काळे दिसतात आणि टिलवा कुठला, तुतारी कुठली, हे अंदाजाने लिहावं लागतं. स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची एका डोळ्याने बघायची दुर्बीण, वीस ते साठ पटींचा असला तरी मी तीसच्या वर जात नाही. नऊनंतर बांधावरची हवा तापून थरथरायला लागली की साठ पटीत पक्ष्याऐवजी ती थरथरच मोठी होते. तिकाटण्याचे पाय अर्धेच उघडायचे आणि मधल्या हुकाला दगडांची पिशवी टांगायची, नाहीतर खाडीचा वारा पक्ष्याच्या पायातली ओळखीची कडी वाचू देत नाही.

सव्वासातला सूर्य वर आला. आधी बदकं घेतली, कारण त्यांना भरतीशी देणंघेणं नसतं. रात्री चरून आलेली तलवार बदकं चोच पाठीत खुपसून तरंगत असतात, त्यामुळे मोजायला सोपी. थापट्यांचा जिथे घोळका होतो तिथे मात्र चकवा बसतो. ते एकामागे एक गोल फिरत पाणी ढवळतात आणि तेच नर पुन्हापुन्हा समोर येतात. अशा वेळी मी फिरणारं कडं सोडून देतो, सगळे सरळ होईपर्यंत थांबतो आणि मगच बोटातलं काउंटर दाबायला घेतो. तलवार 212, थापटे 340, चक्रांग 85. भुवई बदकं फक्त 11.

आठच्या पुढे चिखलपक्षी यायला लागले. आधी छोटे टिलवे, जेमतेम पंचवीस ग्रॅमचा जीव. त्यांना दोन-तीन सेंटिमीटरच पाणी चालतं. मागच्या पावसात ज्या तळ्याचा बांध फुटला तिथे पाणी दहा-बारा सेंटिमीटर झालं आहे आणि तिथे एकही टिलवा उतरला नाही. त्याच तळ्यात लांब पायांचे शेकाटे निवांत उभे होते. मिठागराचं काम बंद पडलं की बांधाची डागडुजी थांबते, मग कुठे पाणी वाढतं आणि कुठे तिवर शिरतं. पक्ष्यांची जागा जाते ती बहुतेक अशीच, गाजावाजा न होता.

मोठा थवा मोजायची रीत सोपी आहे, पण चुकते ठरावीक ठिकाणी. दहा पक्षी नेमके मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात ठेवायची, तशा दहा जागा म्हणजे शंभराचा तुकडा, आणि तो तुकडा थव्यावर सरकवत न्यायचा. नवखा माणूस तुकडा थव्याच्या कडेला बसवतो, कारण तिथे पक्षी सुटे दिसतात. मधली दाटी कडेच्या दुप्पट असते, त्यामुळे आकडा कमी भरतो. मी एक तुकडा कडेला, एक मध्ये आणि एक मागच्या रांगेत बसवून बघतो. नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या दक्षिणेच्या तळ्यात पाणटिवळे 1,400 लिहिले. त्यांतल्या एकाच्या पायावर झेंडी होती, अभ्यासक ओळखीसाठी लावतात ती अक्षरांची पट्टी. तो एका पायावर उभा होता आणि झेंडी वर घेतलेल्या पायाला. बराच वेळ स्कोप त्याच्यावरून हलवला नव्हता. अखेर त्याने पाय बदलला तेव्हा तीनपैकी दोन अक्षरं वाचता आली. तिसऱ्यावर चिखल होता.

नऊ बावीसला सगळं तळं एकदम उठलं. आधी आवाज, एखादी ताडपत्री झटकल्यासारखा, मग वर बघितलं तर बहिरी ससाणा. दोन झडपा मारून तो रिकामाच खाडीवर निघून गेला. पाणटिवळ्यांनी दोन वळणं घेतली आणि ते उत्तरेकडे गेले. आमच्यातल्या एका मुलीने तेवढ्यात कॅमेरा सलग दाबून ठेवला होता. मी तिला मोठ्या लेन्सचं ओझं आणल्याबद्दल सकाळीच बोललो होतो, ते शब्द मागे घेतले.

साडेदहाला कागद एकत्र केले. उत्तरेच्या तुकडीने साडेनऊला पाणटिवळे 1,650 लिहिले होते. आमचे 1,400, त्यांचे 1,650, मिळून 3,050. आदल्या वर्षीच्या तिपटीहून जास्त. एक-दोघांचे फोन बाहेर आले, कुणाला तरी कळवायला. मी म्हटलं, "जरा थांबा, आधी वेळा जुळवू."

वेळा जुळवल्यावर गोष्ट उघड झाली. आमचा थवा नऊ बावीसला उडाला, त्यांच्याकडे मोठा थवा नऊ सव्वीसला उतरला. शिवाय झेंडीवाला पक्षी त्यांच्याही कागदावर होता, तीच दोन अक्षरं. एक झेंडी दोन्हीकडे दिसली म्हणून अख्खा थवा तोच असं सिद्ध होत नाही, पण 3,050 खोडायला एवढं पुरेसं होतं. खरा उपयोग झाला तो एका जुन्या सवयीचा. नेमलेल्या जागेवर पोहोचलं की समोर जे असेल ते आधी वेळेसह लिहून ठेवायचं, पाचच पक्षी असले तरी. उत्तरेच्या तुकडीने नऊ पाचला पाणटिवळे 140 अशी नोंद केली होती. म्हणजे त्यांचे स्वतःचे 140, बाकीचे आमच्याकडून गेलेले.

आमच्याकडून गेले किती, ते फोटोवरून काढलं. सलग काढलेल्या फोटोंतली एकच चौकट घेतली, जिच्यात थवा पूर्ण होता आणि पक्षी एकमेकांवर कमी चढले होते. दोन चौकटी जोडायच्या नाहीत, तिथे तेच पक्षी दोनदा येतात. फोटोवर चौकोनांची जाळी टाकून प्रत्येक पक्ष्यावर लाल ठिपका दिला. पाणटिवळा ओळखायला पंखावरचा रुंद पांढरा पट्टा, पांढरी कंबर आणि काळी शेपटी पुरते. मध्ये घुसलेल्या शेकाट्यांचे लांब गुलाबी पाय मागे लोंबत असतात, ते बाजूला काढले. दोघांनी वेगवेगळं मोजलं, 1,771 आणि 1,783 आले. मोठा आकडा घेतला, कारण फोटोत मागे दडलेला पक्षी सुटतो, नसलेला पक्षी येत नाही.

म्हणजे डोळ्याने 1,400 लिहिले तेव्हा मी जवळपास चारशे पक्षी कमी मोजले होते, आणि तेही तीन ठिकाणी तुकडा बसवून. थवा हजाराच्या पुढे गेला की डोळा बहुधा कमीच मोजतो. उत्तरेचे 1,650 सुद्धा तसेच कमी मोजलेले असतील, किंवा काही पक्षी वाटेत दुसऱ्या तळ्यात उतरले असतील. ते आता कळायला मार्ग नाही. फॉर्मवर 1,783 आणि 140, एकूण 1,923 भरले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "भरती सुमारे दहा. ससाणा 9:22. दक्षिणेचा थवा फोटोवरून मोजला. मागील वर्षीची गणना भांगात, तुलना करू नये."

होडीतल्या तुकडीला पाणटिवळे मिळालेच नाहीत. त्यांच्याकडे कुरव, सुरय आणि रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, लांब रांग. ते किनाऱ्याला लागले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि तिवरांपुढे चिखलाची पहिली पट्टी उघडी पडली होती. टिलवे मिठागरातून उठून तिच्यावर उतरायला लागले होते. होडीवाले काका जेटीला दोर बांधता बांधता म्हणाले, "पुढच्या साली तेरसच धरा."