शिकवणं कानावर पडलं

बुधवार, रात्र

आज बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, टेस्ट ट्यूब बाळाच्या उपचारातली सोनोग्राफी होती. टेबलावर झोपायच्या आधी मॅडमनी विचारलं, "पीजी करणाऱ्या दोघी जणी आत थांबल्या तर चालेल? नको असेल तर सरळ नको म्हणा." मी हो म्हटलं. तरीही चादर जरा घट्ट धरली होती, हे खरं.

मग मॅडम त्या मुलींना शिकवू लागल्या आणि माझं सगळं लक्ष तिकडेच गेलं. पडद्यावरचे काळे गोल म्हणजे फॉलिकल, अंडाशयातल्या पाणी भरलेल्या बारीक पिशव्या, ज्यांत अंडं वाढतं. हे सतराचं, हे सोळाचं, ते अकराचं मागे राहणार. मोजमाप मिलिमीटरमध्ये. दोन-तीन फॉलिकल सतरा-अठरापर्यंत आली की ट्रिगरचं, म्हणजे अंडी पिकवणारं शेवटचं इंजेक्शन. त्यानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढायची; लवकर काढली तर कच्ची राहतात, उशीर झाला तर आपोआप सुटून जातात. म्हणून त्या इंजेक्शनची वेळ घड्याळ लावून पाळायची. फॉलिकल दिसलं म्हणजे आत अंडं मिळेलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मला उद्देशून नव्हे, त्या मुलींना. पण ऐकत मीही होतेच ना!

याआधी एका खाजगी दवाखान्यात फॉलिकल वाढवायची हीच इंजेक्शनं पोटात टोचून घेतली होती. फाईल जाड होत गेली, माझ्या बांगड्या गेल्या, आणि विचारलं की उत्तर एकच, "सगळं छान चाललंय." काय छान, ते कधी कळलं नाही. आपल्याच शरीराबद्दल इतकं अंधारात ठेवलं जाणं मला अजून सलतं.

देशात टेस्ट ट्यूब बाळाचं हे तंत्र रुजलं त्यातही एका शिकवणाऱ्या इस्पितळाचा मोठा वाटा. ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा, शास्त्रीय नोंद असलेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, जन्मली ती मुंबईच्या केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून. पालिकेचं इस्पितळ, सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजला जोडलेलं. पुढे मात्र हा उपचार पैसेवाल्यांचाच होऊन बसला. २०२३ मध्ये आमच्या गोवा मेडिकल कॉलेजात तो मोफत सुरू झाला तेव्हा मला हायसं वाटलं, ते नुसतं पैशामुळे नाही. १८४२ पासून डॉक्टर घडवत आलेली ही जागा. इथे कुणीतरी कायम शिकत असतं, म्हणून कुणाला तरी मोठ्याने समजावून सांगावंच लागतं. त्याचा फायदा टेबलावर झोपलेल्या बाईलाही होतो.

बाहेर बाकावर सत्तरी तालुक्यातली एक बाई होती, पहाटेची कदंबा बस धरून आलेली. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, नवऱ्याची वीर्यतपासणी अजून बाकी. सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त, आणि तीच मागे! मॅडम आत मुलींना हेच बजावत होत्या, केसपेपर उघडला की आधी दोघांचे रिपोर्ट बघायचे. मी तिला ते जसंच्या तसं सांगितलं. तिने मान डोलावली, पण घरी हे बोलणार कोण, हा प्रश्न तिच्या तोंडावर दिसत होता.

घरी आल्यावर मांयनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, "दोतोरान कितें सांगलें?" एरवी मी "बरं आहे" म्हणून आत जाते. आज वहीचं पान काढून गोल काढून दाखवले. त्यांनी शांतादुर्गेला कौल लावायचं मनात धरलंय, ते त्यांनी जरूर करावं. पण आज त्या चष्मा लावून बसल्या आणि अकराच्या फॉलिकलवर बोट ठेवून म्हणाल्या, "हें वाडचें ना?" म्हणजे, हे वाढणार नाही?

परवा परत बोलावलंय. विचारायचं ते लिहून ठेवते: गर्भाशयाचं अस्तर पातळ राहिलं तर भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात गर्भाशयात सोडता येतील का? पाचव्या दिवसापर्यंत किती भ्रूण टिकतात? आणि यावेळी नाही झालं, तर लगेच उपचाराचं पुढचं चक्र की शरीराला थोडी सवड?