कॅटॅलिस्ट : इनकम्प्लीट

पंचवीस डॉलरचा ओबीडी रीडर घ्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून तो काय म्हणतो ते वाचायचं छोटं यंत्र. गाडीला एकही पार्ट लावायच्या आधी घ्या. बाकीचं मग सांगतो, कारण मी तो सगळ्यात शेवटी घेतला, आणि तोवर दोनदा कॅलिफोर्नियाच्या स्मॉग टेस्टचे, म्हणजे गाडीच्या प्रदूषण तपासणीचे, पूर्ण पैसे भरून नापास होऊन आलो होतो.

गाडी 2015 ची सुबारू डब्ल्यूआरएक्स. 2021 मध्ये सेकंडहँड घेतली. दोन लिटरचं टर्बो बॉक्सर इंजिन, सहा गिअर, मॅन्युअल. कंपनीचा आकडा 268 हॉर्सपॉवर, आणि खरं तर तेवढी कोणालाही पुरे. पण बाबांचं सांगलीला गॅरेज होतं. आली तशी गाडी चालवत राहायचं, हे आमच्या घरात कोणाला जमलेलं नाही. बायको घरून काम करते, त्यामुळे आमच्याकडे ही एकच गाडी: सनीवेलहून रेडवूड सिटीला ऑफिस, लेकीचं डेकेअर, शनिवारी भाजी आणि इंडियन ग्रोसरी. सोमवारी सकाळी ती निघालीच पाहिजे, एवढी एकच अट बायकोने घातली होती. मी लगेच कबूल केली, तेव्हा ती सोपी वाटली होती.

पहिल्या वर्षी पॉवरच्या वाटेला गेलोच नाही, आणि हे एक मी बरोबर केलं. चांगले टायर, ब्रेक पॅड, नवं ब्रेक ऑइल, कॉम्प्रेशन टेस्ट. स्पार्क प्लग स्वतः बदलले. बॉक्सर इंजिनाचे प्लग वर नसतात, दोन्ही बाजूंना चॅसीकडे तोंड करून बसलेले असतात. बॅटरी आणि एअर बॉक्स काढा, हात वाकडा करून एक्स्टेंशन घाला, मग पाना जेमतेम पाव वळसा फिरतो. चौथा प्लग निघेपर्यंत उजव्या हाताची दोन बोटं सोलून निघाली होती. पण त्या वर्षी डोंगरात, स्कायलाइनच्या वळणांवर, गाडी जितकी सुधारली तितकी पुढच्या कुठल्याही खर्चाने सुधारली नाही.

दुसऱ्या वर्षी मी एक्सेल शीट केली. पार्ट, किंमत, वाढणारी हॉर्सपॉवर, असे तीन रकाने. चौथा रकाना हवा होता, ईओ नंबरचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियात इंजिनाच्या उत्सर्जनाशी संबंध येईल असा मूळपेक्षा वेगळा कुठलाही पार्ट लावायचा, तर त्याला कार्ब या राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाची एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे ईओ, लागते. ही त्या पार्टची मंजुरी. तिचा क्रमांक पार्टवरच्या लेबलवर असतो आणि तो तुमच्याच मॉडेलला, तुमच्याच वर्षाला लागू असावा लागतो. कार्बच्या साइटवर फुकट शोधता येतो. एअर इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीला, ईओ लागतो. ऑइल कॅच कॅनलाही लागतो, कारण तो क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातल्या, वाफांच्या वाटेत बसतो. हे पुष्कळांना माहीत नसतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट) मागचा सायलेन्सर बदलायला ईओ लागत नाही, फक्त आवाज 95 डेसिबलच्या आत हवा. कॅट काढून टाकणारा डाउनपाइप, म्हणजे टर्बोमागची धुराची नळी, रस्त्यावरच्या गाडीला सरळ बेकायदा. आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर, म्हणजे ट्यून, हाही एक पार्टच धरतात. त्यालाही ईओ लागतो.

इनटेक ईओवाला घेतला, तोही नशिबाने. त्या आठवड्यात त्यावर सूट होती. ट्यून मात्र एका ऑनलाइन ट्यूनरकडून करून घेतलं. पावतीखाली बारीक अक्षरांत 'फक्त ऑफ-रोड वापरासाठी', म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर नाही, असं छापलेलं होतं. ते मी वाचलं आणि औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांसारखं सोडून दिलं.

ट्यून छान होतं, ते नाकारत नाही. 280 हायवेला चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी उचलायची की मी एकटाच हसायचो. तरी एक सांगून ठेवतो. इथल्या साध्या पंपावर 91 ऑक्टेनच्या वरचं पेट्रोल मिळत नाही. दुसऱ्या राज्यातल्या 93 वाल्याचे आकडे बघून तसाच मॅप, म्हणजे ट्यून, टाकला तर इंजिन नॉक करतं, म्हणजे आत पेट्रोल भलत्या वेळी पेट घेतं. सुबारूच्या कॉम्प्युटरमध्ये डीएएम म्हणून एक आकडा असतो. तो 1.00 असला तर ठीक. खाली आला, की कॉम्प्युटरने घाबरून ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं असं समजा. आणि सहाव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला पाय खाली दाबू नका. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाल्या इंजिनात पिस्टनवर सगळ्यात वाईट मार तेव्हाच बसतो. गिअर खाली घ्या, मग दाबा.

2024 च्या मार्चमध्ये रजिस्ट्रेशनची नोटीस आली, स्मॉग चेक आवश्यक. पेट्रोल गाडीला इथे पहिली आठ मॉडेल वर्षं तपासणी नसते, नुसती फी भरायची. पुढे एक वर्षाआड. एप्रिलमध्ये घराजवळच्या एका स्मॉग चेकच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, टॉर्चने इनटेकवरचं लेबल शोधलं, क्रमांक टाइप केला. पास. मग स्टीअरिंगखाली केबल लावली आणि दोन मिनिटांत कागद हातात दिला. नापास. सॉफ्टवेअर कंपनीचंही नाही आणि मंजूर केलेलंही नाही.

रात्री बाबांना फोन केला.

"नळी घातली का सायलेन्सरात?"

"नळी नाही घालत बाबा. 2000 आणि पुढच्या गाड्यांना केबल लावून नुसतं कॉम्प्युटरला विचारतात."

"मग धूर कोण बघतो?"

"नुसता डोळ्यांनी बघतात, तेवढंच."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. "मग त्याला काय विचारतात?"

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गाडीचा कॉम्प्युटर आपल्या सॉफ्टवेअरचा क्रमांक आणि त्याची पडताळणीची बेरीज सांगतो, आणि जुलै 2021 पासून स्मॉग चेकमध्ये ती मूळ नोंदीशी ताडून बघतात. एक अक्षर बदललं तरी बेरीज जुळत नाही.

उपाय अर्ध्या तासाचा वाटला: ट्यून काढायचं, कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकायचं. टाकलं. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात हजर. पुन्हा पूर्ण पैसे, पुन्हा नापास. या वेळी सॉफ्टवेअर पास होतं आणि खाली लिहिलं होतं, मॉनिटर्स इनकम्प्लीट.

इथून पुढचे पाच आठवडे या एका शब्दात गेले.

मॉनिटर म्हणजे गाडीने स्वतःच्याच घ्यायच्या चाचण्या: ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिस्ट, पेट्रोलच्या वाफांची इव्हॅप यंत्रणा वगैरे. नवं सॉफ्टवेअर टाकलं की पाटी कोरी होते आणि गाडीला सगळ्या परीक्षा पहिल्यापासून द्याव्या लागतात. 2000 आणि पुढच्या पेट्रोल गाडीला फक्त इव्हॅप अपुरी चालते, बाकी सगळ्या पुऱ्या लागतात. दुकानदाराने सांगितलं, "जस्ट ड्राइव्ह इट, फ्यू डेज." मी दोन आठवडे चालवली. रोज ऑफिस, रोज 101 हायवे. मग तो रीडर मागवला आणि पार्किंगमध्ये बसून लावला. एकेक ओळ हिरवी होत गेली आणि एका ओळीवर थांबली. कॅटॅलिस्ट : इनकम्प्लीट.

कारण इतकं साधं होतं की राग आला. कॅटॅलिस्टची परीक्षा गाडी तेव्हाच घेते जेव्हा इंजिन पुरतं तापलेलं असतं आणि वेग बराच वेळ एकसारखा असतो. त्या अवस्थेत ती कॅटच्या पुढच्या आणि मागच्या सेन्सरचं बोलणं शेजारी ठेवून बघते. मागचा पुढच्याची नक्कल करू लागला, तर कॅट संपला. सकाळी साडेआठच्या 101 वर वेग एकसारखा कुठला? पुढच्या टेस्लाचा ब्रेक लागला की आपलाही लागतो. मी रोज चाळीस मिनिटं गाडी चालवत होतो आणि गाडीच्या हिशेबाने ती परीक्षेला बसतच नव्हती. रोजची गाडी, रोज चालवतो म्हणूनच नापास.

मग पहाट. रात्रभर थंड झालेलं इंजिन पाचला चालू करायचं, दोन मिनिटं तसंच ठेवायचं, 280 ला लागायचं, उजवी लेन, क्रूझ कंट्रोल ताशी 60 मैलांवर, सॅन ब्रूनोपर्यंत तीसेक मैल आणि परत. मागून ट्रक आला की ओव्हरटेक करून जायचा. 268 हॉर्सपॉवरच्या गाडीला ट्रक मागे टाकत होते. क्रिस्टल स्प्रिंग्जच्या तळ्यावर धुकं असायचं, हीटर लावावा लागायचा. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, म्हणून बाबा हमखास फोनवर. त्यांना सगळ्या ओळी पाठ झाल्या होत्या. "ऑक्सिजन झाला, कॅटचं काय?"

तिसऱ्या पहाटे घरी येऊन रीडर लावला तर तीच ओळ तशीच. त्या शनिवारी बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं साचलेलं दिसलं, म्हणून बाबांनी शिकवल्याप्रमाणे ते काढून गरम पाण्याने आणि ब्रशने लख्ख घासलं. ग्रीस लावलं. मनापासून समाधान वाटलं. मग रीडर लावला.

सगळ्या ओळी इनकम्प्लीट. बॅटरी सुटली आणि पाटी परत कोरी.

फोनवर मी काही बोललो नाही. बाबाच म्हणाले, "टर्मिनल काढायला मी सांगितलं नव्हतं हां." नव्हतंच सांगितलं. पण लहानपणापासून हात त्यांचेच पाहिले होते.

तोवर रजिस्ट्रेशनची मुदत संपत आली होती. नोटिशीतली फी भरलेली होती आणि टेस्ट नापास असल्याचा कागद होता, म्हणून 50 डॉलर भरून 60 दिवसांचा तात्पुरता परवाना मिळाला. तो एकदाच मिळतो, हे लक्षात ठेवा. काचेवर लाल आकड्याचा तो कागद लावून गाडी ऑफिसच्या पार्किंगमध्ये लावताना मला उगाच कोणीतरी बघतंय असं वाटायचं.

परत सगळं पहिल्यापासून. या वेळी क्रूझवर असताना एकदाही पाय ब्रेकला लावायचा नाही असं ठरवलं, आणि वेग 58 वर आणला. सहाव्या पहाटे सॅन ब्रूनोला उतरून पेट्रोल पंपावर रीडर लावला. आकडे यायला तो दहा सेकंद घेतो. हिरवं. मी तिथेच बाबांना हाक मारली, स्पीकर चालू आहे हे विसरून. शेजारच्या पंपावर ट्रकमध्ये पेट्रोल भरणारा माणूस वळून बघायला लागला.

त्याच दिवशी दुपारी, यंत्राने मन बदलायच्या आत, टेस्ट दिली. सात मिनिटं. वर सर्टिफिकेटचे 8.25 डॉलर. त्या पोराने "सी, आय टोल्ड यू, जस्ट ड्राइव्ह" म्हटलं. मी काही बोललो नाही.

विसरण्याआधी: टेस्टला जाल तेव्हा आधी 'प्री-टेस्ट' मागा. बरीच दुकानं करतात, त्याचा निकाल अधिकृत नोंदीत जात नाही. नोटिशीवर 'स्टार स्टेशन' लिहिलेलं असेल तर तशाच दुकानात जा, दुसऱ्याचं सर्टिफिकेट चालत नाही. चेक इंजिनचा कोड आदल्या दिवशी पुसून जाऊ नका. 2010 आणि पुढच्या गाड्यांत तो कायमच्या नोंदीत राहतो, आणि पुसल्यानंतर 15 वेळा इंजिन गरम होईपर्यंत आणि 200 मैल होईपर्यंत ती नोंद असेल तर नापास करतात. ईओच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, तेलाने ते लेबल पुसट होतं.

ट्यूनचं यंत्र आता ड्रॉवरमध्ये आहे. माझ्या वर्षाच्या गाडीला लागू असलेलं ईओवालं ट्यून शोधतोय. शीटमध्ये चौथा रकाना आला आहे आणि त्यापायी निम्म्या ओळी खोडल्या आहेत. डाउनपाइपचे पैसे क्लचमध्ये गेले, कारण जुना त्या ट्यूनच्या टॉर्कने घसरायला लागला होता. परवा बाबांनी विचारलं, एवढं सगळं करून पिकअप किती वाढला. कंपनीने दिला होता तेवढाच आहे, म्हणालो. ते म्हणाले, टर्मिनलला ग्रीस लावलंस ना पण.